हवामान रडारचा अँटेना सूर्यावर तपासायचा कसा

कुलाब्याच्या रडारचा खालचा बीम, समजा अर्ध्या अंशावर, पूर्वेला निघाला. साधारण ८० किलोमीटरवर, भीमाशंकरच्या बाजूच्या कड्यापाशी पोचेपर्यंत त्याचा मध्य रडारच्या पातळीपासून १,०७० मीटरच्या आसपास चढलेला असतो. त्यातले ७०० मीटर अर्ध्या अंशाच्या चढाचे, बाकीचे पृथ्वीच्या गोलाईचे. सह्याद्रीचा माथाही तिथे हजार मीटरच्या घरातच आहे. आता कन्सोलवर ०.५ दिसतंय, पण अँटेना प्रत्यक्षात ०.३ वर बघतोय असं धरा. बीमचा मध्य २८० मीटर खाली आला, आणि मघाशी माथ्यावरून निसटणारा बीम कड्यावर आदळला. कड्याचा प्रतिध्वनी वाढतो, घाटापलीकडचा पाऊस पुसट होतो, आणि स्क्रीनवर कुठेही लाल दिवा लागत नाही.

हा लेख रडार केंद्रावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. अँटेनाचं कॅलिब्रेशन म्हणजे तीन वेगळे प्रश्न. अँटेना सांगतो तिथेच बघतोय का? त्याचा गेन, म्हणजे एका दिशेला सिग्नल एकवटायची ताकद, कागदावर लिहिलाय तेवढाच आहे का? आणि ड्युअल पोलरायझेशन असेल, म्हणजे रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी वापरत असेल, तर ते दोन्ही चॅनेल सारखं मोजतात का? हाच क्रम ठेवा. दिशा चुकलेल्या अँटेनाचा गेन मोजणं म्हणजे वाकड्या तराजूत सोनं तोलणं.

वर चढण्याआधी

ट्रान्समीटरचं हाय व्होल्टेज बंद करा. नुसतं ‘रेडिएट ऑफ’ पुरत नाही. एस-बँड (साधारण १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या) रडारची पीक पॉवर ७५० किलोवॅटच्या आसपास असते, सी-बँडची (साधारण ५ सेंटिमीटर) २५०च्या आसपास. इंटरलॉकची किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात हवी, खाली टेबलावर नको. पेडेस्टलचा, म्हणजे डिश फिरवणाऱ्या बैठकीचा, सेफ्टी स्विचही ‘सेफ’वर हवा, कारण माणसाला इजा होते ती बहुतेक वेळा मायक्रोवेव्हने नाही, अचानक फिरलेल्या डिशने. एस-बँडची एक अंशाची डिश साडेआठ मीटर व्यासाची असते. ती वळली तर रेडोममध्ये, म्हणजे तिच्यावरच्या गोल आवरणात, सरकायला जागा नसते. एक जण वर, एक जण कन्सोलवर, आणि दोघांमध्ये वॉकीटॉकी. मे महिन्यात रेडोमच्या आत दुपारी थांबवत नाही, म्हणून वरचं काम सकाळी उरका.

सूर्यस्कॅन चालू असताना वर कुणी नसतं. तेव्हाही ट्रान्समीटर बंदच असतो, कारण आपण फक्त ऐकणार असतो. सूर्य स्वतःच रेडिओलहरी फेकतो, आणि त्याची आकाशातली जागा आपल्याला हव्या त्यापेक्षा कितीतरी अचूक माहीत असते. असा फुकटचा सिग्नल जनरेटर दुसरा मिळायचा नाही.

पहिली पायरी: लेव्हल

गवंडी भिंत चढवण्याआधी पाणसळ लावतो, ते आपल्यालाही चुकत नाही. पेडेस्टल तिरपं असेल तर पुढचे सगळे आकडे दिशेनुसार बदलत राहतील.

इलेक्ट्रॉनिक इन्क्लिनोमीटर (कल मोजणारं उपकरण) पेडेस्टलच्या फिरणाऱ्या भागावर, निर्मात्याने त्यासाठी तासून ठेवलेल्या पृष्ठभागावर बसवा. आधी तो पृष्ठभाग पुसा. वाळलेल्या ग्रीसचा पापुद्राही रीडिंग बिघडवतो. अझिमथ (उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा) ० पासून ४५-४५ अंशांनी फिरवत आठ रीडिंगं घ्या. अँटेना थांबल्यावर डिश हलायची थांबेपर्यंत धीर धरा, मगच आकडा लिहा.

आता समोरासमोरच्या जोड्या लावा. उत्तरेला +०.०६ आणि दक्षिणेला −०.०२ आलं, तर दोन्हींची सरासरी +०.०२ ही उपकरणाची स्वतःची चूक. फरकाचं अर्ध, म्हणजे ०.०४ अंश, हा खरा तिरपेपणा. चारही जोड्यांचं असं केलं की पेडेस्टल कुठल्या बाजूला किती कललंय ते कळतं. आठ बिंदू एका गुळगुळीत साइन वळणावर बसले पाहिजेत. एखादा बिंदू वळण सोडून उडाला असेल तर तिथे बेअरिंग किंवा बसवणीत काहीतरी आहे. तो बिंदू वेगळा लिहून ठेवा, सरासरीत विरघळवू नका.

तिरपेपणा ०.०५ च्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर बोल्टना किंवा शिमना (खाली सरकवायच्या पातळ पट्ट्यांना) हात लावायचं काम नवख्याचं नाही. रीडिंगं घेऊन वरिष्ठांकडे जा.

दुसरी पायरी: घड्याळ

सूर्य आकाशात मिनिटाला पाव अंश सरकतो. म्हणजे संगणकाचं घड्याळ २० सेकंद चुकलं तर तुमचा सूर्य ०.०८ अंशाने चुकला. जीपीएस किंवा एनटीपीशी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सेवा) वेळ जुळलेली आहे का, हे स्कॅनच्या आधी स्वतः बघा. ‘ते आपोआप होतं’ या उत्तरावर विसंबू नका. शिवाय सॉफ्टवेअर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं आणि आपण भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा गोंधळ झाला तर सूर्य सापडणारच नाही, म्हणून तो लगेच कळतो. २० सेकंदांचा गोंधळ कळत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

रडारचे अक्षांश-रेखांश टॉवरचेच आहेत ना, ऑफिसच्या गेटचे नाहीत ना, हेही एकदा पाहून घ्या. उत्तर दिशा होकायंत्राने ठरवायच्या फंदात पडू नका. लोखंडी टॉवरवर होकायंत्र काय वाटेल ते सांगतं.

तिसरी पायरी: स्कॅन

सूर्य १० ते ५० अंश उंचीवर असताना स्कॅन घ्या. त्याहून खाली वातावरणातलं वक्रीभवन त्रास देतं. त्याहून वर अझिमथचं गणित ताणलं जातं. महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी मुंबई-पुण्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो आणि त्याचा अझिमथ काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटतो. युरोपातल्या केंद्रासाठी लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये ‘मध्यान्हीला स्कॅन घ्या’ असं असेल, तर ते तिथे ठीक आहे. आपण सकाळी साडेआठ-नऊला एक आणि दुपारी चारच्या सुमाराला एक, अशी जोडी घ्यावी. दोन्ही हवेत. का, ते पुढे येतं.

आभाळ भरून आलंय म्हणून परत फिरू नका. ढगांमुळे सूर्याचा रेडिओ आवाज फारसा अडत नाही. पाऊस पडत असेल किंवा रेडोम ओला असेल तर मात्र थांबा. पाण्याचा पातळ थर गेनच्या मोजणीत शिरतो, आणि सी व एक्स या आखूड लहरींच्या बँडना त्याचा जास्तच जाच होतो.

स्कॅनची पद्धत अशी. गणिताने काढलेल्या सूर्याच्या जागेभोवती दोन्ही अक्षांत साधारण अडीच-तीन अंशांचा चौकोन घ्या. एलिव्हेशन (क्षितिजापासून वरचा कोन) ०.२ अंशांच्या पायऱ्यांनी वाढवत जा आणि प्रत्येक पायरीवर अझिमथमध्ये हळू झाडू मारा: एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. प्रत्येक नमुन्यासोबत वेळ नोंदली गेली पाहिजे, कारण स्कॅन चालू असतानाच सूर्य पुढे सरकत असतो. नमुन्याचा कोन ‘त्या क्षणीच्या सूर्यापासून किती दूर’ असाच मांडायचा. बहुतेक रडार सॉफ्टवेअरमध्ये हे तयार असतं. नसेल तर पायथनमधल्या स्कायफील्डसारख्या लायब्ररीतून सूर्याची जागा काढता येते.

एस-बँडच्या मोठ्या डिशवर सूर्य नॉइजच्या वर १० ते १५ डेसिबल दिसायला हवा. चौकोनाच्या मधोमध एक गोल टेकाड उठतं. टेकाडाचा माथा पॉवरच्या डेसिबल आकड्यांना पॅराबोला बसवून काढा. ‘सगळ्यात मोठा आकडा जिथे, तिथे सूर्य’ असं करू नका, कारण माथ्याजवळ वळण सपाट असतं आणि एखादा नॉइजचा ठिपका तुम्हाला सहज दशांश अंशाने फसवतो.

चौथी पायरी: चूक कुणाची?

खरं काम इथून सुरू होतं. नवीन माणूस एक स्कॅन घेतो, एलिव्हेशनमध्ये +०.१२ बघतो, सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेटमधून ०.१२ वजा करतो आणि चहाला जातो. असं करू नका. आकडा कुणाचा आहे हे कळेपर्यंत सेटिंगला हात लावायचा नाही.

एक उदाहरण घेऊ. चूक म्हणजे ‘माथ्यावर एन्कोडरने (अँटेनाचा कोन वाचणाऱ्या उपकरणाने) दाखवलेला कोन, वजा सूर्याचा गणिताने काढलेला कोन’. सकाळी, सूर्य पूर्वेला असताना, एलिव्हेशनची चूक +०.१२. दुपारी, सूर्य पश्चिमेला असताना, −०.०४. दोन्हींची सरासरी +०.०४, हा एन्कोडरचा स्थिर ऑफसेट. उरलेला ±०.०८ दिशेनुसार उलटतो. पेडेस्टल पूर्वेकडे ०.०८ अंशाने कललं असेल तर नेमकं असंच दिसेल. पण घड्याळ २० सेकंद मागे असेल तरीही हेच दिसेल, कारण सकाळी सूर्य गणितापेक्षा थोडा वर चढलेला असतो आणि दुपारी थोडा जास्त खाली उतरलेला. एकट्या सूर्यस्कॅनमधून या दोघांत निवड करणं अवघड आहे. तुम्ही पहिल्या पायरीवर इन्क्लिनोमीटर लावला होता आणि पूर्व-पश्चिम तिरपेपणा ०.०२ च आला होता, म्हणून आता बोट घड्याळाकडे जातं. लेव्हलचं काम कंटाळवाणं म्हणून ते गाळलं असतं, तर इथे कुणीतरी टॉवरवर पाना घेऊन चढलं असतं.

वक्रीभवनाचाही असाच एक सापळा आहे. हवेमुळे सूर्य खरा आहे त्याहून वर दिसतो: १० अंशांवर साधारण ०.१, क्षितिजाजवळ अर्ध्या अंशाच्या आसपास, आणि दमट हवेत रेडिओलहरींना थोडं जास्तच. गणितात ही दुरुस्ती घातली नसेल तर सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे अधिक चिन्हाची चूक येते, आणि ती हुबेहूब एन्कोडर ऑफसेटसारखी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. सूर्य ४० अंशांवर असताना पुन्हा स्कॅन घ्या. ऑफसेट असेल तर तेवढाच राहील, वक्रीभवन असेल तर जवळजवळ नाहीसं होईल.

अझिमथची चूकही दोन-तीन उंचींवर तपासा. सगळीकडे सारखीच असेल तर तो एन्कोडरचा किंवा उत्तर दिशा लावतानाचा ऑफसेट. तो बिनदिक्कत सेटिंगमधून काढा. उंचीबरोबर ती वाढत असेल तर प्रकरण यांत्रिक आहे: फीडहॉर्न (डिशसमोरचं, लहरी सोडणारं आणि घेणारं तोंड) बाजूला सरकलाय, किंवा एलिव्हेशनचा अक्ष अझिमथच्या अक्षाशी काटकोनात नाही. हे सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्याने बरं होत नाही.

मग डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे मारलेल्या झाडूंचे माथे वेगवेगळे काढा. दोघांत फरक असेल तर गिअरमध्ये खेळ आहे किंवा कोनाची नोंद उशिरा होतेय. गिअरमधला खेळ वेग बदलला तरी तेवढाच राहतो. उशीर वेगाबरोबर वाढतो. सूर्यस्कॅन मंद गतीचा असतो, त्यामुळे उशीर त्यात लपतो. रोजच्या कामात अँटेना मिनिटाला तीन फेरे मारत असेल तर तो सेकंदाला १८ अंश फिरतोय. नोंद १० मिलिसेकंद मागे पडली तर ०.१८ अंश गेला. म्हणून ट्रान्समीटर चालू केल्यावर एखाद्या ठळक मनोऱ्याचा प्रतिध्वनी आधी हळू आणि मग रोजच्या वेगाने बघा. त्याचा अझिमथ सरकायला नको.

आपल्याकडची एक मर्यादा मात्र कायम राहणार. वर्षाचा बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे सूर्यस्कॅनच्या बिंदूंत उत्तरेची बाजू जवळपास रिकामी असते. तिथला भरवसा फक्त इन्क्लिनोमीटरवर.

दिशेची चूक ०.१ अंशाच्या आत आणणं हे किमान, ०.०५ जमलं तर उत्तम. १४ बिटच्या एन्कोडरची एक पायरीच ०.०२२ अंशाची असते, तेव्हा तिसऱ्या दशांशासाठी झगडू नका.

पाचवी पायरी: गेन

दिशा जागेवर आली की तेच टेकाड गेनसाठी वापरायचं. त्याआधी रिसीव्हरचं कॅलिब्रेशन त्याच दिवशी झालेलं हवं: सिग्नल जनरेटरने डायरेक्शनल कपलरमधून माहीत असलेली पॉवर सोडून, आकडा रेषेत येतो का ते बघून. नाहीतर अँटेनाचा दोष रिसीव्हरच्या माथी बसेल, किंवा उलट.

सूर्यावरची पॉवर मोजा, मग त्याच एलिव्हेशनवर पाच-दहा अंश बाजूला जाऊन रिकाम्या आकाशाची मोजा. वजाबाकी मिलिवॅटमध्ये करायची, डेसिबलमध्ये नाही. सूर्यावर −१००.० आणि बाजूला −११२.० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) आलं, तर निव्वळ सूर्य −१००.३ डीबीएम.

मग सूर्य आज किती तेजाने बोलतोय ते हवं. कॅनडातल्या पेंटिक्टनच्या वेधशाळेत १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्याचा फ्लक्स, म्हणजे येणाऱ्या रेडिओलहरींचा जोर, रोज तीन वेळा मोजला जातो. सूर्य शांत असताना हा आकडा ७० च्या आसपास असतो, सौरचक्राच्या ऐन भरात २०० च्याही वर जातो. उन्हाळ्यात तिथलं शेवटचं रीडिंग २३ यूटीसीचं, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारचं, त्यामुळे सकाळी नऊच्या स्कॅनला तेच सगळ्यात जवळचं. त्या यादीत दोन रकाने असतात: प्रत्यक्ष मोजलेला फ्लक्स, आणि पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराला जुळवून घेतलेला. आपल्याला प्रत्यक्ष मोजलेलाच लागतो, कारण आपला अँटेना त्या दिवशीच्या खऱ्या अंतरावरूनच ऐकतो. सौरज्वाळेमुळे त्या दिवशीचा आकडा आदल्या-नंतरच्यापेक्षा एकदम उसळला असेल तर त्या दिवसाचा गेन टाकून द्या.

एस-बँडला हा आकडा जवळपास तसाच चालतो. सी-बँडला त्यातून ६४ वजा करून ०.७१ ने गुणा आणि १२६ मिळवा. फ्लक्स १५० असेल तर सी-बँडला सुमारे १८७.

अपेक्षित पॉवर काढताना दोन गोष्टी हमखास निसटतात. सूर्याचा प्रकाश ध्रुवीकृत नसतो, म्हणून एका चॅनेलला निम्मीच पॉवर मिळते, सरळ ३ डेसिबल. आणि सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाहून थोडी मोठी तबकडी आहे. एक अंशाच्या बीमला त्यामुळे आणखी ०.४ ते ०.५ डेसिबल कमी दिसतं. त्याच कारणाने टेकाडाची रुंदी खऱ्या एक अंशाऐवजी १.०५ च्या आसपास भरते. अझिमथमधली रुंदी एलिव्हेशनच्या कोसाइनने गुणायची, ३२ अंशांवर ०.८५ ने. एवढं करूनही बीम १.२ दिसत असेल, किंवा गोल टेकाडाऐवजी लांबट निघत असेल, तर फीडहॉर्न आणि डिशच्या पाकळ्यांचे जोड बघायला माणूस वर पाठवावा लागेल.

एवढा खटाटोप कशाला? प्रतिध्वनीत गेन दोनदा येतो, जाताना आणि येताना. गेन १ डेसिबलने चुकला की रिफ्लेक्टिव्हिटी (प्रतिध्वनीचं माप) २ डेसिबलने चुकते, आणि तिच्यावरून पाऊस काढायच्या मार्शल-पामर सूत्राने पाऊस ३३ टक्क्यांनी. मात्र सूर्य फक्त येणारा रस्ता तपासतो. पाठवलेली पॉवर पॉवर मीटरनेच मोजावी लागते.

सहावी पायरी: दोन चॅनेल

सूर्यावर आडव्या आणि उभ्या चॅनेलची पॉवर सारखी यायला हवी. फरक आला तर तो रिसीव्हरच्या बाजूचा. पूर्ण साखळी तपासायची तर पावसाळ्यातली शांत रिपरिप गाठा, अँटेना थेट ९० अंशांवर उभा करा आणि अझिमथमध्ये पूर्ण फेरे मारा. खालून बघितलं तर थेंब गोलच दिसतो, म्हणून झेडडीआरची, म्हणजे आडव्या आणि उभ्या प्रतिध्वनींतल्या डेसिबल फरकाची, सरासरी शून्य यायला हवी. एक ते चार किलोमीटर उंचीचाच डेटा घ्या. मान्सूनमध्ये बर्फ वितळण्याची पातळी पाच किलोमीटरच्या आसपास असते आणि तिथे हे गणित मोडतं. जी सरासरी उरेल तो दोष, आणि तो ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत राहिला पाहिजे. पावसातला दोष आणि सूर्यावरचा दोष यांतला फरक म्हणजे ट्रान्समिटच्या बाजूची चूक. वादळी पावसात हे करू नका. तुमचा पेडेस्टल ९० पर्यंत जातच नसेल तर हा मार्ग बंदच.

फुग्याला किंवा ड्रोनला धातूचा गोळा टांगून संपूर्ण रडार एका झटक्यात तपासायचीही पद्धत आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं रडार क्षेत्रफळ साधं पाय आर वर्ग, ०.०७ चौरस मीटर. पण साडेआठ मीटरच्या डिशसाठी तो दीड किलोमीटर तरी दूर हवा, ड्रोनची परवानगी हवी आणि वारा पडलेला हवा. नवख्याने आधी सूर्यावर हात बसवावा.

बदल केल्यानंतर

एका वेळी एकच आकडा बदला आणि लगेच पुन्हा स्कॅन घ्या. चिन्ह उलट टाकलं गेलं असेल तर चूक शून्य व्हायच्या ऐवजी दुप्पट होते, ते तिथल्या तिथे दिसतं. लॉगबुकमध्ये जुना आकडा, नवा आकडा, यूटीसी वेळ, सूर्याची उंची, रेडोम कोरडा की ओला, आणि घड्याळ कशाशी जुळवलं हे लिहा.

रोजच्या स्कॅनमध्येही सूर्य आपणहून डोकावतो. संध्याकाळी मावळतीच्या वेळी रडारच्या चित्रात पश्चिमेकडे केंद्रापासून कडेपर्यंत एक बारीक सरळ रेघ उमटते, ती हीच. तिचा अझिमथ रोज टिपून ठेवला तर दोन सूर्यस्कॅनच्या मधल्या काळात अँटेना सरकला का, हे फुकटात कळतं. एलिव्हेशनसाठी ती फारशी कामाची नाही, क्षितिजाजवळ वक्रीभवन फार. सी-बँडवर अशाच रेघा वायफायच्याही येतात. त्या दिवसभर एकाच दिशेला ठाण मांडून असतात, तर सूर्याची रेघ ऋतूबरोबर सरकते आणि थोड्या वेळात मिटते.

आणि एलिव्हेशनचा ऑफसेट बदललात तर पूर्वानुमानाच्या टेबलावर फोन करून तारीख-वेळ सांगा. ढगांच्या माथ्यांची उंची त्या क्षणापासून शेकडो मीटरनी वेगळी दिसायला लागणार आहे. डेटा साठवणाऱ्यालाही तीच नोंद द्या, म्हणजे पुढे कुणी दहा वर्षांचा आलेख काढला तर त्यातली ती उडी हवामानाची नाही, तुमच्या पान्याची आहे, हे त्याला कळेल.